वाचकांचे प्रश्न : स्फोट, कबुलीजबाब आणि कलम २२

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उपनगरी रेल्वेतल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात बाराही आरोपींना निर्दोष ठरवलं. त्यानंतर दहा दिवसांनी, ३१ जुलैला, विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी सोडले. तेव्हापासून या सदराकडे येणारी पत्रं वेगळी आहेत. एरवी वारसा, भाडेकरू, पोटगी असले प्रश्न येतात. आता लोक विचारतात की दहशतवादापुढे आपली राज्यघटना तोकडी पडते का? माझी सगळी वकिली सत्र न्यायालयात, बचाव पक्षाच्या बाकावर गेली. विधी सेवेमार्फत मिळालेली वकीलपत्रं त्यात बरीच. उत्तरं त्या अनुभवातून दिली आहेत.

प्रश्न : *मी वर्षानुवर्षं विरार लोकलने प्रवास केला. ११ जुलै २००६ रोजी माझा ऑफिसातला सहकारी फर्स्ट क्लासच्या डब्यात होता, तो गेला. एकोणीस वर्षांनी न्यायालय म्हणतं, पुरावा नाही. न्यायालयांना मेलेल्यांपेक्षा आरोपींचीच काळजी जास्त आहे का? असे खटले सरळ लष्करी न्यायालयात का चालवत नाहीत? — एक निवृत्त बँक कर्मचारी, विरार*

तुमचा राग खरा आहे. तो योग्य माणसांवर निघावा एवढीच माझी इच्छा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सात स्फोट झाले, १८० हून जास्त माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरलं, त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने हा निकाल फिरवताना काय म्हटलं, ते बातमीच्या मथळ्याखाली वाचायला हवं. आरोपींना पाहिल्याचं सांगणाऱ्या टॅक्सीचालकांचे जबाब घटनेनंतर शंभराहून जास्त दिवसांनी आले. ओळख परेड ज्या अधिकाऱ्याने घेतली, त्याची त्या पदावरची मुदतच संपली होती. जप्त केलेला मुद्देमाल प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कुणाच्या ताब्यात, कसा सीलबंद होता, याची साखळी सिद्ध झाली नाही. बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता, हेही सरकार पक्षाला नीट मांडता आलं नाही. आणि कबुलीजबाब? वेगवेगळ्या आरोपींच्या कबुल्यांमधला मजकूर जागोजागी सारखाच होता.

यातली कोणती अट तुम्हाला आरोपीचे लाड वाटते? मुद्देमालाच्या पाकिटावर लाखेचं सील लावायचं, त्यावर पंचांच्या सह्या घ्यायच्या, ठाण्यातल्या नोंदवहीत क्रमांक घालायचा. स्फोटकं खरोखर त्याच घरातून मिळाली, हे नंतर कुणालाही तपासता यावं म्हणूनच हे सगळं करायचं असतं. उलटतपासणीत मी कितीतरी पंचांना विचारलंय, ‘सील तुमच्यासमोर लागलं का?’ त्यांचं उत्तर ‘सही आधी घेतली, सील नंतर लागलं असेल’ असं आलं की कोर्टात शांतता पसरते. सुटणारा आरोपी मग निरपराध असतो किंवा गुन्हेगार. कोण ते त्या खोलीतल्या कुणालाच कळत नाही. माझ्या व्यवसायातली मला सगळ्यात भयंकर वाटणारी गोष्ट हीच आहे.

याच्या मुळाशी कबुलीजबाब आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरायची नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात, म्हणजे इंग्रजांच्या काळात आला. आपलेच पोलीस कोठडीत काय करतात, हे त्या सरकारला माहीत होतं. स्वतंत्र भारताने हा नियम ठेवला, नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो आहे. पण १९८७ च्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम १५ ने त्याला अपवाद केला : पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली चालेल. मग संघटित गुन्हेगारीविरुद्धचा १९९९ चा मोक्का, दहशतवादाविरुद्धचा २००२ चा पोटा, दोघांनी तेच उचललं. १९९४ मध्ये करतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी कलम १५ वैध ठरवलं. न्या. के. रामस्वामी आणि न्या. आर. एम. सहाय यांनी विरोधात मत दिलं. मला आजही ते दोघं बरोबर वाटतात.

हातात कबुली आली की तपास तिथेच बसतो. मग कोण सिमकार्डं शोधणार, बॉम्बसाठी वापरले असं म्हणतात ते कुकर विकणाऱ्या दुकानांच्या पावत्या कोण चाळणार, कोण प्रयोगशाळेच्या मागे लागणार? ८ सप्टेंबर २००६ ला मालेगावात शब-ए-बारातच्या दिवशी स्फोट झाले, तिसाहून जास्त लोक गेले. राज्याच्या तपासयंत्रणेने मोक्का लावून तिथलेच मुस्लिम तरुण पकडले, कबुल्याही आल्या. ते पाच वर्षं तुरुंगात राहिले. पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्याच स्फोटांसाठी वेगळ्याच लोकांवर आरोपपत्र ठेवलं, आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्या तरुणांना आरोपमुक्त केलं. गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर २००२ मध्ये हल्ला झाला. त्या खटल्यातल्या सहाही आरोपींना सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये निर्दोष सोडलं. त्यातल्या तिघांच्या डोक्यावर फाशी होती, आणि तो खटलाही पोटाखालच्या कबुल्यांवर उभा होता.

तुमच्या सहकाऱ्याला मारणारे कोण, हे आज कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. राज्य सरकारने अपील केलं आहे. निर्दोषत्वाचा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलैला दिला, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. तुमचा जाब तपासाला हवा. २००६ च्या जुलै-ऑगस्टमध्ये जे शोधायचं ते शोधलं गेलं नाही, आणि एकोणीस वर्षांनी ते सापडणं कठीण आहे. लष्करी न्यायालयाबद्दल पुढे एका पत्राच्या उत्तरात लिहिलं आहे.

प्रश्न : *कसाबला सगळ्या जगाने गोळ्या झाडताना पाहिलं होतं. तरी त्याला सरकारी खर्चाने वकील कशाला दिला? — बारावीचा विद्यार्थी, जालना*

घटनेच्या कलम २२ (१) मध्ये लिहिलंय की अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्यापासून अडवता येणार नाही. कलम ३९-अ सांगतं की गरिबीमुळे कुणाला न्याय नाकारला जाऊ नये. तुला परीक्षेत एवढं लिहून गुण मिळतील. पण तू खरंच विचारतोयस, म्हणून त्या खटल्यातल्या दोन गोष्टी सांगते. त्या फार कमी जणांना माहीत असतात.

पहिली. जुलै २००९ मध्ये, खटला ऐन भरात असताना, कसाब अचानक उभा राहिला आणि गुन्हा कबूल करायला लागला. विशेष न्यायाधीश ताहिलियानी यांना तिथेच निकाल देऊन मोकळं होता आलं असतं. त्यांनी ते विधान नोंदवून घेतलं आणि खटला पुढे चालू ठेवला. त्यामुळे सीएसटीवर काढलेली छायाचित्रं, गोळ्यांचे तज्ज्ञ अहवाल, जखमींच्या साक्षी, गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी स्वतः गोळ्या झेलून त्याला जिवंत पकडू दिल्याची हकीकत, हे सगळं न्यायालयाच्या नोंदीत आलं. हल्ल्याची योजना सीमेपलीकडे झाली, हे भारताला जगापुढे मांडता आलं ते या नोंदीच्या बळावर. ओंबळे यांनी त्याला जिवंत ठेवलं नसतं, किंवा जमावाने मारलं असतं, तर पाकिस्तानला ‘हा आमचा माणूसच नाही’ म्हणत राहणं सोपं झालं असतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या खटल्यात कसाबबरोबर दोन भारतीय आरोपी होते. हल्ल्याच्या जागांचे नकाशे त्यांनी पुरवले, असा आरोप होता. ३ मे २०१० ला कसाब दोषी ठरला आणि त्याच दिवशी ते दोघं निर्दोष सुटले. उच्च न्यायालयाने ते कायम केलं, २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानेही. १६६ माणसं मारली गेलेल्या शहरात, लोक चिडलेले असताना, तेच न्यायालय एकाला फाशी देतं आणि पुराव्याअभावी दोघांना सोडतं. वकील नसते तर त्या दोघांच्या विरुद्धचा पुरावा कुणी तपासला असता?

त्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी वकील संघटना ठराव करत होत्या की अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये. डिसेंबर २०१० मध्ये मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे सगळे ठराव घटनाविरोधी ठरवले. माझ्याही तालुक्यात एकदा असा ठराव झाला होता. मी वकीलपत्र घेतलं. काही सहकारी बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हते.

प्रश्न : *माझ्या मामांच्या ओळखीतला एक मुलगा यूएपीएखाली आत आहे. खटला सुरूच होत नाही, जामीनही मिळत नाही. खुनाच्या आरोपीला जामीन मिळतो, मग याला का नाही? — एक वाचक, नागपूर*

त्या मुलाबद्दल मला काही माहीत नाही, त्यामुळे फक्त कायदा सांगते.

यूएपीए म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा. तो १९६७ चा, पण त्यात दहशतवादाचं प्रकरण आलं २००४ मध्ये, पोटा रद्द करताना. आणि सध्याचं त्याचं कठोर रूप आलं २००८ च्या डिसेंबरात, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर लगेच. एरवी गंभीर गुन्ह्यात नव्वद दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. इथे ती मुदत न्यायालयाच्या परवानगीने १८० दिवसांपर्यंत जाते. त्याहून अवघड आहे कलम ४३-ड (५) : केस डायरी (पोलिसांची तपासाची नोंदवही) आणि आरोपपत्र वाचून आरोप सकृद्दर्शनी खरे मानायला वाजवी कारण आहे असं न्यायालयाला वाटलं, तर जामीन नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या वटाली निकालाने सांगितलं की या टप्प्यावर पुराव्याच्या खोलात जायचं नाही. म्हणजे पोलिसांनी जे लिहिलंय ते बऱ्याच अंशी खरं धरायचं, आणि त्याला उलटतपासणीत तपासायची संधी येते ती खटल्यात. खटला मात्र वर्षानुवर्षं उभा राहत नाही.

यातून वाट दाखवली १ फेब्रुवारी २०२१ च्या नजीब निकालाने. आरोपी पाच वर्षांहून जास्त काळ आत होता आणि अजून २७६ साक्षीदार तपासायचे होते. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, खटला वाजवी काळात संपण्याची शक्यता नसेल तर कलम २१ खालचा जलद न्यायाचा हक्क मोडतो, आणि तिथे ४३-ड (५) घटनात्मक न्यायालयांना अडवू शकत नाही. पण हा आधार कुणाला मिळेल, ते खंडपीठागणिक बदलतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका खंडपीठाने सांगितलं की यूएपीएमध्ये ‘जामीन हा नियम’ हे तत्त्व लागू नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसऱ्या खंडपीठाने म्हटलं, अशा कायद्यांतही जामीन हाच नियम, फक्त अटी पूर्ण व्हायला हव्यात. तुरुंगात बसलेल्या माणसाच्या आईला मी याचा अर्थ काय सांगू?

यूएपीएखाली अटकेत असलेले, आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणारे फादर स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे होते, त्यांना कंपवात होता. पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ मिळावी म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला, उच्च न्यायालयात जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच ते मुंबईच्या रुग्णालयात गेले. त्यांच्यावरचे आरोप खरे की खोटे, हे कुठल्याच न्यायालयाने कधी ठरवलं नाही, आता ठरणारही नाही. मी हे लिहिताना शांत राहू शकत नाही.

राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या कायद्यातच कलम १९ आहे : विशेष न्यायालयात खटला कामाच्या प्रत्येक दिवशी, रोजच्या रोज चालावा. संसदेने लिहिलेला हा शब्द सरकारने पाळला, पुरेसे न्यायाधीश दिले, तर जामिनावरचं निम्मं भांडण मिटेल. त्या मुलाच्या घरच्यांना सांगा : अटकेची कारणं त्याला लेखी मिळाली होती का, ते आधी वकिलाला तपासू द्या. मे २०२४ मध्ये पुरकायस्थ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यूएपीएखालीही ते बंधनकारक ठरवलं आणि त्यासाठी अटकच रद्द केली. विशेष न्यायालयाने जामीन नाकारला तर थांबू नका, नजीब निकाल घेऊन उच्च न्यायालयात जा.

प्रश्न : *ही सगळी श्रीमंत देशांची चैन आहे. आपला देश अजून उभा राहतोय. आधी कडक हाताने दहशतवाद संपवावा, हक्कांचं नंतर बघता येईल. — एक लघुउद्योजक, इचलकरंजी*

श्रीमंत देशांनीही याबाबतीत मोठी चूक केली आहे. बर्मिंगहॅमच्या स्फोटांसाठी १९७५ मध्ये जन्मठेप झालेल्या सहा जणांची शिक्षा इंग्लंडच्या न्यायालयाने १९९१ मध्ये रद्द केली. तिथेही पाया कोठडीतल्या कबुल्यांचा होता. पण तुम्ही उभ्या राहणाऱ्या देशाबद्दल विचारताय, तर दक्षिण अमेरिकेतला पेरू देश बघा.

तिथे १९८० पासून ‘सेंदेरो लुमिनोसो’ या सशस्त्र संघटनेने खेडीच्या खेडी रक्ताने भिजवली होती. ५ एप्रिल १९९२ रोजी राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांनी रणगाडे उतरवून संसद बरखास्त केली, न्यायव्यवस्था मोडून काढली. कारण हेच, जे तुम्ही लिहिलंय. दहशतवादाच्या खटल्यांसाठी चेहरा झाकलेले न्यायाधीश नेमले, देशद्रोहाचे खटले लष्करी न्यायालयांकडे दिले. बचावाच्या वकिलाला पोलीस साक्षीदाराची उलटतपासणीसुद्धा घेता येत नसे. सप्टेंबर १९९२ मध्ये संघटनेचा प्रमुख अबिमाएल गुस्मान लिमा शहरात पकडला गेला, आणि लोकांना वाटलं, कडक हात कामाला आला.

त्याला पकडलं कुणी? पोलिसांच्या गुप्तवार्ता विभागातल्या एका छोट्या गटाने. हा गट १९९० मध्ये, लोकशाही असताना, आधीच्या सरकारच्या काळात स्थापन झाला होता. त्यांनी संशयित घरांवर महिनोन्महिने पाळत ठेवली, घराबाहेर टाकलेला कचरा चाळला. त्यात एका विशिष्ट ब्रँडच्या सिगारेटची थोटकं आणि सोरायसिसच्या मलमाच्या रिकाम्या नळ्या सापडल्या. गुस्मानला सोरायसिस होता. एका नृत्यशाळेच्या वरच्या मजल्यावर तो रक्तपाताशिवाय सापडला. या कामासाठी संसद बंद करायची काही गरज नव्हती.

चेहरा नसलेल्या न्यायाधीशांनी मात्र शेकडो निरपराध खेडूत आणि विद्यार्थी आत टाकले. नंतर फुजिमोरींच्याच सरकारला त्यांच्यासाठी आयोग नेमून माफी द्यावी लागली. २००३ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने त्या कायद्यांतल्या कितीतरी तरतुदी रद्द केल्या. गुस्मानवर पुन्हा, उघड न्यायालयात खटला चालला आणि २००६ मध्ये त्याला जन्मठेपच झाली. फुजिमोरी यांना २००९ मध्ये, विद्यार्थ्यांना आणि नागरिकांना मारणाऱ्या लष्करी टोळीसाठी, पंचवीस वर्षांची शिक्षा झाली.

हक्क नंतर बघू, हे आपणही एकदा म्हणून पाहिलंय. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीत जगण्याच्या हक्कासाठीही दाद मागता येणार नाही, असा निकाल दिला. न्या. एच. आर. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. त्यानंतर चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ठरवून टाकलं की आणीबाणीतही कलम २० आणि २१ स्थगित करता येणार नाहीत.

प्रश्न : *माझा भाऊ पोलीस दलात होता. भूसुरुंगात गेला. मानवी हक्कवाले आरोपींच्या बाजूने बोलतात, त्याच्या बाजूने कोण? खटला चालू आहे, आम्हाला कुणी काही कळवत नाही. — एक भगिनी, गडचिरोली जिल्हा*

ताई, तुमच्या भावाचा जगण्याचा हक्क कलम २१ मधलाच होता, आणि तो त्याच्यापासून हिरावला गेला. हे जे बोलत नाहीत त्यांचं चुकतं. मी स्वतः आरोपींची वकील आहे, तरी हे म्हणते. रस्ता मोकळा केल्याची खात्री नसताना तुकडीला गाडीने का पाठवलं, गाडी कोणती होती, आधी सूचना आली होती का, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. ते विचारलंत म्हणून तुम्ही कुणाच्या विरुद्ध होत नाही.

आता तुम्हाला काय करता येईल ते लिहिते. कायद्यात ‘पीडित’ या शब्दात मृताचे वारस आणि पालक येतात. तुमचे आईवडील किंवा वहिनी यांच्या नावाने अर्ज करणं सोपं जाईल. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ नंतरच्या तपासात, नव्वद दिवसांत तपासाची प्रगती पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. पीडिताचा वकील असेल तर आरोपपत्राची प्रत त्यालाही मिळते. गुन्हा जुना असेल तरी न्यायालयाकडे प्रतीसाठी अर्ज करता येतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लखीमपूर खीरीच्या प्रकरणात स्पष्ट केलंय की तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला म्हणणं मांडायचा हक्क आहे, जामिनाच्या सुनावणीतही. आरोपी सुटले तर सरकार अपील करो न करो, २००९ च्या दुरुस्तीने तुम्हाला स्वतःचं अपील करता येतं. मालेगाव २००८ मधल्या मृतांच्या कुटुंबीयांनी तोच मार्ग धरला आहे.

आपला वकील तिथे असला की पंच हजर राहतात का, मुद्देमालाची नोंद पुढे येते का, तारखा कशासाठी पडतात, हे कुणीतरी बघत राहतं. सरकारी वकिलांवर इतक्या खटल्यांचा भार असतो की त्यांना ही मदत लागते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना गुन्हा क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव आणि मृत्यूचा दाखला बरोबर ठेवा. खटला कोणत्या न्यायालयात आहे आणि पुढची तारीख कधी आहे, ते मला मासिकाच्या पत्त्यावर कळवा. अर्जाचा मसुदा मी करून पाठवते.